ती जहाज

डॉक्टर श्रीकांत आगटे भूलतज्ज्ञ होते. कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी आयुष्यभर माणसं झोपवली. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भाषण करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायको अलकाकाकू म्हणाल्या, "म्हणजे सवय काही सुटली नाही."

विषय होता 'एलिनोर' नावाचं शिडाचं प्रवासी जहाज. राणीच्या काळात ते लंडनहून निघायचं आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठायचं. वर साहेब आणि मडमा, खाली सोल्जर आणि कारकून, आणि मडमांच्या चहाला दूध हवं म्हणून डेकवर बांधलेल्या शेळ्या. डॉक्टर वर्षभर लायब्ररीत बसून हे सगळं वाचत होते. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. जेवताना आमटीबरोबर मलाही रोज थोडा समुद्र वाढला जाई.

पुस्तकं सगळी इंग्रजी, आणि इंग्रजीत जहाज म्हणजे 'शी', म्हणजे 'ती'. ते डॉक्टरांच्या जिभेवर बसलं.

"आज तिला काय वारा मिळाला!" पोळी मोडता मोडता ते म्हणत.

"कोणाला?" काकू विचारत.

"एलिनोरला गं."

"अहो, मग 'ते' म्हणा. परवा फोनवर 'काय देखणी होती ती' म्हणालात. मंडळाच्या आशाताईंनी नंतर मला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना?"

डॉक्टर ओशाळायचे, कारण व्याकरणाचे पहारेकरी तेच. त्यांची मुलगी, नाव पूर्वी, शाळेत असताना मंडळाच्या स्टेजवर 'माझा आजी' म्हणाली होती. डॉक्टरांनी पहिल्या रांगेतून मोठ्याने सुधारलं, "माझी!" हॉल हसला. त्या दिवसापासून पूर्वी वडिलांशी फक्त इंग्रजीत बोलते. आता ती लंडनजवळ क्रॉयडनला नोकरी करते. दर रविवारी फोन येतो, 'हाय डॅड'. त्यातला 'डॅड' डॉक्टरांना अजून पचलेला नाही.

तिने भाषणाला यावं, असं त्यांना फार वाटत होतं. फोनवर मात्र एवढंच म्हणाले, "मोदक आहेत म्हणे या वर्षी."

ती आली. चर्चच्या हॉलमध्ये अगदी मागे, कोट न काढता बसली.

डॉक्टरांनी सुरुवात छान केली. शेळ्यांवर लोक हसले. काकू पहिल्या रांगेत, प्रत्येक 'ते'ला मान हलवत होत्या. मग सुएझचा कालवा आला, वाफेची जहाजं आली, आणि वाऱ्याची वाट बघत बसणाऱ्या जहाजाचं तिकीट कोणी काढेना. एलिनोर विकलं गेलं. इथेच, कार्डिफच्या गोदीत, ते कोळसा साठवायला ठेवलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"तिच्या डोलकाठ्या कापल्या. समोरून दुसरी जहाजं मुंबईला जायची. ती नुसती उभी असायची. तिला कोणी..."

काकूंनी खाकरून पाहिलं. डॉक्टर कुठेतरी दूर होते.

"बाबा," मागून आवाज आला, "ती नाही. ते. ते जहाज."

अख्खा हॉल वळला. पूर्वी उभी होती, कानापर्यंत लाल. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले. या वेळी हसू डॉक्टरांच्या वाट्याला आलं होतं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "ते."

पूर्वी खाली बसणार होती, बसली नाही. "पण मला आवडला," ती म्हणाली. "तुमचा ती जहाज."

डॉक्टरांचं तोंड उघडलं. एका वाक्यात इतक्या चुका, आणि हातात माइक! काकूंनी डोळे वटारले.

डॉक्टरांनी तोंड मिटलं. चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मलापण," ते म्हणाले. "मलापण फार आवडला."