सुईवरच्या टोप्या

दर सोमवारी बायकोला केमोसाठी इंदिरानगरहून हॉस्पिटलात घेऊन जायचो, तेव्हा तिथे एक बाई आपल्या नवऱ्याच्या पलंगाशी विणत बसलेल्या असायच्या. पिशवीत सात-आठ अर्धवट लोकरी टोप्या, तिथल्याच पेशंटांसाठी. ज्याची टोपी तो आला, की त्याच्या डोक्याला लावून बघायच्या आणि तेवढीच टोपी चार ओळी पुढे न्यायच्या. तळाशी एका काकांची पिवळी टोपी तशीच पडून असे.

"ते काका आता येत नाहीत ना? मग उसवून टाका की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"आपण कशाला उसवायची, भाऊ?" सुई न थांबवता त्या म्हणाल्या.

हिची निळी टोपी कानांपर्यंत आली होती. पुढचा सोमवार यायच्या आतच ही गेली; जायची गरजच उरली नाही.

टोपी मागायला मी गेलो नाही. त्यांनी उसवली नसेल.