पाणी कमी पी

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेत मी एकवीस वर्षं दूध तपासलं. कॅनमध्ये काचेची नळी सोडली की कुणी किती पाणी घातलंय ते मला कळायचं, आणि कळलं की मी ते चारचौघांत बोलून दाखवायचो. गावात त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नव्हतं. मला मात्र त्याची घमेंड होती. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि जनावरं छावणीत गेली. सकाळी चाळीस कॅन यायचे तिथं तीन येऊ लागले. टँकर एक दिवसाआड, घराला चार घागरी. त्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोचं पोट बिघडलं.

आधी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. टँकरच्या पाण्यानं निम्म्या गावाचं पोट बिघडलं होतं. नर्सबाईंनी पाण्यात टाकायचे थेंब दिले, मीठ-साखरेची पाकिटं दिली, आणि महिनाभरात गाव बरं झालं. ही झाली नाही. दिवसातून आठ-दहा वेळा, आणि नुसतं पाणी. वडवणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बीडच्या डॉक्टरांनी त्या बदलून दुसऱ्या दिल्या. मधेच तिचा चेहरा लालबुंद व्हायचा. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, "काय गं, लाली लावलीस काय?" ती हसून घ्यायची. मला वाटायचं, ऊन लागलं असेल.

दुखण्यापेक्षा तिला पाण्याची लाज वाटायची. दर वेळी डबाभर पाणी जायचं, आणि ते घरच्यांच्या वाट्यातून जातंय असं ती धरून चालायची. भांडी ती राखेनं घासू लागली, स्वतःची आंघोळ तिनं आठवड्यावर नेली. तरी घागर आटलेली दिसली की मी धुसफुसायचो. एकदा वैतागून म्हणालो, "जेवढं पितीस तेवढं सगळं वाहून चाललंय. पानी कमी पी."

तिनं ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकायची. बाकी गावानं माझं कधी ऐकलं नाही, हिनं तेवढं ऐकलं.

नवरात्रात घट बसले. तिच्या माहेरी नऊ दिवस धान्य तोंडात घालत नाहीत. त्या वर्षी तिनं फराळाचंही सोडलं. सकाळ-संध्याकाळ कपभर चहा, बास. पोटातच काही गेलं नाही तर बाहेर काय पडणार, असा तिचा साधा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून आत आली आणि खाली बसली.

"अहो, पोटात कण न्हाई. दोन कप च्या पेले फकस्त. मग येवढं पानी येतंय कुठून?"

कुणी येऊन मला सांगितलं असतं की गायीनं चारा सोडलाय पण दूध दुप्पट देतीय, तर मी त्या कॅनचं झाकण उघडायच्या आधीच त्याला उभं-आडवं विचारलं असतं. इथं मी काहीच विचारलं नाही.

"चोरून पीत असशील," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग उठून घटाला पाणी घालायला गेली.

दिवाळीनंतर तिच्या पायातलं बळ गेलं. उंबरा ओलांडायला पाय उचलेना. तेव्हा कुठं तिला जीपमध्ये घालून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "उपवास केला तर थांबतं का?"

बायको माझ्याकडे बघू लागली. तिनं तोंड उघडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"न्हाई थांबत," मी म्हणालो.

"हे कधीपासून माहीत आहे?"

"नवरात्रापासून."

मग तपासण्या झाल्या, रक्त मुंबईला गेलं. बाईंनी मला समोर बसवून कागदावर आकृती काढली. आपल्या हुकमाशिवाय चालणारे काही स्नायू असतात, म्हणाल्या. आतड्यांचे, श्वासनळ्यांचे, रक्तवाहिन्यांचे. त्यांना सैल सोडणारं एक रसायन मज्जातंतूंच्या टोकाशी सुटतं. सुटतं ते अगदी थोडं, आणि जागच्या जागी विरून जातं. त्याच्यामुळेच आतड्यात पाणी झिरपतं, जठरातलं आम्ल आवरतं, सगळं सुरळीत चालतं. हिच्या स्वादुपिंडावर एक गाठ आली होती, आणि ती गाठ हेच रसायन दिवसरात्र रक्तात ओतत होती. म्हणून चेहरा लाल. म्हणून पित्ताची पिशवी सैल पडून फुगलेली. अंगातलं पाणी आतडी आतून बाहेर टाकत होती, तिनं प्यालं काय आणि नाही प्यालं काय. पाण्याबरोबर पोटॅशियम जात होतं, म्हणून पाय लुळे.

"पाणी भरपूर पाजत होतात ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

गाठ लिव्हरपर्यंत गेली होती. त्या रसायनाला आवर घालणारी इंजेक्शनं होती, आणि पहिले दोन महिने त्यांनी चांगलं काम केलं. ती भिंत न धरता चालली, एकदा चक्क माझ्यावर चिडलीसुद्धा. तेवढ्यात गावाकडून निरोप आला की संस्थेला कुलूप लागलं. दूधच नव्हतं, तपासणार कोण आणि काय? मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढच्या महिन्यात इंजेक्शनांचा गुण येईनासा झाला. बाईंनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला, आणि मग मला बाहेर बोलावून सांगितलं की आता त्यांच्या हातात काही उरलेलं नाही.

वॉर्डाच्या कोपऱ्यात नळ होता आणि त्याला चोवीस तास पाणी होतं. सिस्टर येता-जाता सांगायच्या, मावशी, जमेल तेवढं पीत राहा. मी ग्लास भरून तिच्या हातात द्यायचो. ती तो ओठांपाशी न्यायची आणि थांबायची. थांबून माझ्याकडे बघायची.

"पिऊ का?"

"पी," मी म्हणायचो. "पी गं. लई हाय पानी."

अर्धा ग्लास पिऊन उरलेल्यावर ती ताटली झाकून ठेवायची. पुढच्या ग्लासाला पुन्हा तेच. बोलणं बंद झालं त्या शेवटच्या दिवशीही मी चमच्यानं पाणी ओठाला लावलं, तेव्हा तिनं तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी "पी" म्हणालो, मगच तिनं ते घेतलं.