रेनातोंचे आकडे

सूपचा ट्रे समोर आला की रेनातो चिडून इटालियनमध्ये म्हणायचे, "सात, आठ, नऊ." चार्टवर शेरा होता, ‘कन्फ्युज्ड’.

डब्लिनच्या रिहॅब सेंटरमध्ये मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर रेनातोंना अफेजिया झाला होता. अफेजिया म्हणजे मनात बोलायचं असतं, पण शब्द सापडत नाहीत. आकडे, वार असं पाठ असलेलं मात्र कधीकधी आपोआप तोंडातून येतं. म्हणून त्या आकड्यांना काही अर्थ असेल असं आम्ही कोणी धरत नव्हतो.

आमची सुपरवायझर नेहा माझ्या मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "काकू, फ्रायडेच्या रिव्ह्यूत प्रोग्रेस दिसली नाही तर थेरपी स्टॉप. मग मेमरी केअर."

मेमरी केअर म्हणजे स्मृती गेलेल्यांचा विभाग. तिथून घरी परतणारे फार थोडे.

"त्यांना सगळं समजतं, असं मला वाटतं."

"‘वाटतं’ इज नॉट डेटा, काकू."

रेनातोंनी तरुणपणी इटालियन सिनेमात बारीकसारीक कामं केली होती. हवालदार, पाद्री, खानावळवाला. त्यांची मुलगी जीना असा एक सिनेमा लॅपटॉपवर घेऊन आली. पडद्यावर रेनातो गिऱ्हाइकावर खेकसत होते, पण ओठ आणि शब्द जुळत नव्हते.

"तो आवाज डॅडचा नाहीच," जीना म्हणाली. "तिकडे सगळं नंतर डब व्हायचं. छोट्या नटांना डायलॉगही देत नसत. सेटवर रागानं, प्रेमानं नुसते आकडे म्हणायचे. शब्द दुसरा कोणीतरी भरायचा."

तेवढ्यात ट्रे आला.

"सात, आठ, नऊ." खेकसण्याचा तोच सूर.

मी वाडग्याला हात लावला. "सूप गार आहे?"

रेनातोंनी टेबलावर थाप मारली. "दहा," ते म्हणाले, सुटका झाल्यासारखे.

फ्रायडेला नेहाला त्यांच्यासमोर बसवलं. तिनं विचारलं, "मिस्टर रेनातो, पास्त्यावर केचप घालू?"

रेनातोंनी कपाळाला हात लावला; इटालियन माणसाला हा पास्त्याचा अपमानच. मग मयताला आल्यासारख्या सुरात एक ते पाच आकडे सावकाश म्हटले.

नेहानं कसंबसं हसू दाबलं. "ओके काकू. धिस इज डेटा."

थेरपी चालू राहिली. आकड्यांचा सूर तसाच ठेवून आम्ही त्यात एकेक शब्द बसवत गेलो. बरेच आठवडे काही बसेना. हिवाळा सरत आला तेव्हा एका दुपारी जीनानं चमचा पुढे केला. रेनातो थांबले, ओठ हलवून पाहिले.

"गार," ते म्हणाले.

जीना रडत रडत सूप गरम करायला गेली.

आता ते तिच्या घरी राहतात आणि रोज स्वयंपाकाला नावं ठेवतात. मी मात्र कोणाच्या चार्टवर ‘कन्फ्युज्ड’ लिहिण्याआधी वाडग्याला हात लावून बघते.