नातीची गुटी

माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्या आईने तिचं खाणंच तोडलं. मासळी बंद, पालेभाजी बंद, भात वाटीभर. "पोर मोठा झाला तर अडतला गो," एवढंच तिचं शास्त्र. मी ओरडून ओरडून थकले, पण आईपुढे कोणाचं चाललंय? मुलगी झाली ती दोन किलोसुद्धा भरली नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवली.

त्याच आठवड्यात, त्याच इस्पितळात, कुणकेश्वरच्या आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्याची बायको बाळंत झाली. पोटुशी असताना ही बाई बांगडे, शेवग्याचा पाला, मिळेल ते खायची आणि बागभर हिंडायची. तिचा मुलगा तीन किलोच्या वर! काटा बघून मी थक्कच झाले. बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात राहणारी ती, आणि आमची चांगल्या घरातली पोर ही अशी? आई म्हणाली, "डोंगरातली माणसा ती, तेंका सगळा पचता."

नेपाळीण बाळाला घेऊन लगेच मांगरात परतली. आईची नात पेटीतच. आईने तर नातीच्या गुटीचं सगळं जमवून ठेवलेलं. नवी सहाण, वेखंड, हळकुंड, मध, परसातलं जायफळ. आजीपणाची हौस काही तिला स्वस्थ बसू देईना. शेवटी एक दिवस सहाण घेऊन ती मांगरात गेली. "तुज्या बाळाक हंय कोण आसा? मीच तुजी आवस," म्हणाली आणि रोज गुटी उगाळू लागली. नेपाळीणही आईला 'आमा', म्हणजे आईच म्हणायची, आईच्याच हातची पेज प्यायची. ती कसली नको म्हणतेय!

एका दुपारी नेपाळी धावत घरी आला. पोर उठत नव्हतं. मी जाऊन पाहिलं आणि हबकलेच. एवढं गुबगुबीत बाळ चिंधीसारखं लुळं पडलेलं. ओठ निळसर. छातीला लावलं तरी तोंड उघडेना.

"निजलो आसा. जायफळान बरी झोप येता," आई म्हणाली.

कसली मेली झोप! सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि इस्पितळ गाठलं.

मग नळ्या, सलाइन, प्राणवायू. नेपाळीण भिंतीला टेकून नुसती दाराकडे बघत होती. दिवेलागणीला ते पोर एकदाचं केकाटलं. देवा रे! माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नर्स बाहेर आली आणि थेट नेपाळिणीवर तुटून पडली.

"तुम्ही बाहेरची माणसं, काय वाट्टेल ते पाजता पोरांना! कोणी सांगितलं होतं तुला?"

नेपाळिणीने मान खाली घातली. आईचं नाव तिने घेतलंच नाही. माझं डोकं असं फिरलं! मी तोंड उघडणार, तोच आई पुढे झाली.

"तिका बोलू नको गो. गुटी मिया पाजलंय."

नर्स आईला ओळखत होती. येईल तेव्हा पेटीपाशी घुटमळणारी आजी ती. नर्सचा चेहराच उतरला.

"अहो आजी! मग तुमच्या नातीला काय काय पाजलंत?"

आईने आतल्या काचेकडे पाहिलं. पेटीतल्या नातीने आता चांगलं बाळसं धरलं होतं. आईला रडू फुटलं.

"तिका खंय पाजतलंय? तिका तुमी माज्या हातात दिलास खंय!"