वैद्य मॅडमचा पोर्शन आणि बारा दहाची घंटा

डस्टर कितीही झटका, पुढच्या वेळी परत धूळ निघतेच. आमच्या कॉलेजच्या गोष्टींचंही तसंच आहे. दरवेळी वाटतं संपल्या, आता सांगायला काय उरलं नाय. आणि चहाचा पहिला घोट घेतला की आणखी एक बाहेर पडते!

परळला एका बंद गिरणीच्या मागे आमचं ज्युनियर कॉलेज. तिथे मी शिपाई. शिक्षण सातवी, तीसुद्धा दोनदा. पण घंटा माझ्या हातात! पितळेची जाड थाळी आणि लाकडी हातोडा. माझ्या डब्यात बांगड्याचं कालवण असलं की मधली सुट्टी दोन मिनिटं आधी होते, हे सगळ्यांना माहीत. पोरं मला मामा म्हणतात, शिक्षक मामा म्हणतात, आणि प्राचार्य खानोलकर सर "अहो मामा" म्हणाले की समजायचं, कायतरी घोळ झालाय आणि तो मीच केलाय.

त्या वर्षी बारावी सायन्सला गणित शिकवायला वैद्य मॅडम आल्या. शिवाजी पार्कच्या. हुशार इतक्या की चहात साखर किती विचारलं तरी दोन मिनिटं विचार करायच्या. खानोलकर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, तुमच्या आधी दोन सर येऊन गेले. दोघांचाही कॅल्क्युलसचा पोर्शन अर्धा राहिला आणि पोरं तिथेच आपटली. प्रिलिमच्या आधी तुमचा पूर्ण झाला तर तुम्ही कायम. नाहीतर..."

मॅडमनी तिथल्या तिथे कॅलेंडर मागितलं. मी टेबलावरचे कप उचलता उचलता सगळं ऐकलं.

* * *

मॅडमनी स्टाफरूममध्ये वर्षाचा मोठ्ठा तक्ता लावला. दर आठवड्याला एक चिठ्ठी, टाचणीने टोचलेली. आधी लिमिट, मग डेरिव्हेटिव्ह, मग इंटिग्रेशन. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी मी मान डोलावत शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यात गणपती कुठे आहेत?"

"एक दिवस सुट्टी धरलीय ना, मामा."

एक दिवस! लालबाग-परळमध्ये! अख्खी स्टाफरूम हसली. मॅडमना कळेना, विनोद कुठे झाला.

मग मी समजावलं. आधी पंधरा दिवस पोरं ढोलाच्या प्रॅक्टिसला. मग दहा दिवस मंडपात. विसर्जनानंतर तीन दिवस सगळ्यांचे घसे बसलेले. "तेव्हा तोंडी प्रश्न विचारलात तर येणाऱ्याला पण उत्तर देता येणार नाय!"

मॅडम टाचण्या उपटून परत टोचायला लागल्या. सगळं सरकवून झालं तेव्हा इंटिग्रेशनच्या चार चिठ्ठ्या तक्त्याच्या बाहेर, भिंतीवर!

मॅडम घरी गेल्यावर मी त्या चारही चिठ्ठ्या उचलून दिवाळीच्या सुट्टीत टोचल्या. निव्वळ गंमत हो! सकाळी मॅडम किंचाळतील, आपण हसू. पण मॅडमच्या आधी खानोलकर सर आले. त्यांनी तक्ता न वाचता खाली सही ठोकली आणि क्लार्कने तशी नोटीस काढली.

मॅडम म्हणाल्या, "मामा, हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "सही तर सरांची आहे."

सर म्हणाले, "मी सही केलीय म्हणजे विचार करूनच केली असणार!"

झालं. दिवाळीत मॅडम आल्या, पोरंपण डोळे चोळत आली. आणि कॉलेजच्या चाव्या कोणाकडे? अख्खी दिवाळी रोज सकाळी आठला मी कुलूप उघडत बसलो!

* * *

त्याआधी, वर्षाच्या सुरुवातीला, लिमिट म्हणजे काय, हे पोरांच्या डोक्यात शिरेना. जवळ जवळ जायचं, पण पोचायचं नाही, असं मॅडम सांगायच्या. त्यावर शेवटच्या बाकावरचा ओमकार गावडे म्हणाला, "मॅडम, पोचायचंच नाय तर निघायचं कशाला?" मला विचाराल तर पोराचं बरोबर होतं.

त्याच दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी बर्फीचा खोका आणला. आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे. शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. खादाड म्हणतील ना! पहिल्याने त्यातला अर्धा घेतला. दुसऱ्याने उरलेल्यातला अर्धा. तिसऱ्याने त्याच्यातला अर्धा. तुकडा डाळीएवढा झाला तरी प्रत्येकजण "नको नको, तुम्ही घ्या" म्हणत नखाने अर्धाच तोडतोय!

मॅडम उडाल्याच. "अहो, हेच लिमिट! शून्याच्या जवळ जातंय, पण शून्य होत नाही!" खोका तसाच टेबलावर ठेवून त्या खडू आणायला धावल्या. आल्या, खोका उचलला, तडक वर्गात गेल्या. सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "बघा, अजून उरलंय!"

खोका उघडला. आत काहीच नाही.

दारात उभा राहून मी मिशी पुसत होतो. म्हटलं, "मॅडम, पोचलं!"

* * *

पहिल्या युनिट टेस्टमध्ये ओमकार नापास. मग मॅडमनी नवी युक्ती काढली. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते. म्हणून होमवर्क दिला, घरी नळ आला की पिंपात पट्टी उभी धरायची आणि दर मिनिटाला पाणी किती चढलं ते लिहायचं.

शिवाजी पार्कात ठीक आहे. लालबागच्या चाळीत पाणी येतं अर्धा तास, आणि त्यात ओमकार पिंपाला धरून बसलेला! शेजाऱ्यांना वाटलं, म्युनिसिपालटीने मोजायला माणूस बसवलाय. दोघीजणी त्याच्याकडेच कमी पाण्याची तक्रार लिहून देऊन गेल्या.

चौथ्या दिवशी ओमकारची आई कॉलेजात हजर. बाई पक्क्या मालवणी, पोराला झील म्हणणार आणि कशाला म्हणायचं तिथे कित्याक. "मॅडम, माजो झील तीन दिवस पिंपात पट्टी घालून बसलो हा! आमी पानी भरूचा कधी?"

मॅडम म्हणाल्या, "काकू, पाणी कसं बदलतं ते त्याला कळायला हवं ना."

"त्येका पट्टी कित्याक व्हयी? सुरवातीक धो धो येता, मागसून बारीक होता, नि जाताना करंगळयेवढी धार!"

मॅडम टाळी वाजवून उभ्याच राहिल्या. "बरोब्बर! काकू, हेच डेरिव्हेटिव्ह!"

काकू जराशा गोंधळल्या. माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "इतक्याच हा? मगे ह्येच्यात माज्या झिलाक नापास कित्याक केलात?"

* * *

इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे 'प्लस सी' लिहायचं असतं. का, ते मला विचारू नका. मी खानोलकर सरांना विचारलं, त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

पोरं ते लिहायला विसरायची. म्हणून मॅडमनी नोटीस लिहिली, "उत्तराच्या शेवटी प्लस सी न लिहिल्यास एक मार्क कापला जाईल." सरांनी सवयीप्रमाणे सही केली. आता नोटीसवर कुठला वर्ग ते लिहिलंच नव्हतं! मी हुकमाचा ताबेदार. सगळ्या वर्गांत वाचून आलो. आर्ट्सला तर दोनदा वाचली, मोठ्याने.

पुढच्या आठवड्यात मराठीच्या देसाई बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन सरांच्या केबिनमध्ये. 'माझी आई' हा निबंध. शेवटचं वाक्य, "अशी माझी आई मला फार आवडते, प्लस सी."

"सर, हे काय आहे?"

सरांनी नोटीस बघितली. खाली स्वतःची सही बघितली. घाम पुसला. "बाई, नोटीस म्हणजे नोटीस!"

देसाई बाई नियमाच्या पक्क्या. गेल्या आणि खरंच एकेक मार्क कापला. ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यांचा!

* * *

आणि मग आला प्रिलिमच्या आधीचा शेवटचा तास. साडेअकरा ते बारा दहा. पोर्शनमधलं एकच गणित राहिलेलं, वाकड्या रेषेखालची जागा किती ते काढायचं. खानोलकर सर शेवटच्या बाकावर फॉर्म घेऊन बसले. म्हणाले, "बारा दहाची घंटा होईपर्यंत हे सुटलं तर मी पूर्ण लिहीन. नाहीतर अपूर्ण. आणि मॅडम, तुम्ही नका सोडवू. त्या गावडेला उठवा. त्याला आलं म्हणजे सगळ्यांना आलं."

ओमकार फळ्याजवळ गेला. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. मॅडम खिडकीजवळ उभ्या, हातातल्या खडूचा भुगा झालेला. मी बाहेर थाळीजवळ, हातोडा घेऊन. तिथून मला भिंतीवरचं घड्याळ पण दिसतं आणि वर्ग पण.

बारा दहा झाले. ओमकार अर्ध्यावर.

बारा अकरा. कॅन्टीनमधून वड्यांचा वास आला. त्याने एक ओळ खोडली.

बारा बारा. देसाई बाईंनी शेजारच्या वर्गातून डोकं काढलं. "मामा, झोपलात काय?" मी तोंडावर बोट ठेवलं. बाई गोंधळून आत गेल्या.

बारा तेराला खानोलकर सर स्वतःच बाहेर आले, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून.

"अहो मामा! बारा दहाची घंटा?"

मी म्हटलं, "साहेब, अगदी जवळ जवळ आलीय. पण पोचत नाय."

आतून खडूची टकटक चालू झाली होती, न थांबता. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि आत जाऊन परत शेवटच्या बाकावर बसले.

थोड्या वेळाने ओमकारने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तेव्हा कुठे मी थाळीवर हातोडा मारला आणि माझ्या घड्याळात बारा दहा झाले!