वरच्या वर्गात

परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांना मानसुद्धा वळवू न देणारा इतका कडक मास्तर सिल्लोडपासून दौलताबादपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि तोच माणूस आयुष्यात एकदा कॉपी पुरवताना पकडला गेला, तेही माझ्या वडिलांसाठी. गारखेड्याच्या पुढं एका ट्रस्टच्या वृद्धनिवासात वडील आठ नंबरच्या खोलीत राहायचे आणि हा मास्तर, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, सात नंबरमध्ये. सिल्लोडच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांना कुणी नीट कळवली नसावी. जेवणाच्या हॉलमध्ये ते घड्याळ बघत फिरायचे आणि "शेवटची दहा मिनिटं" म्हणायचे. कुणी शेजारच्या ताटात डोकावलं की, "आजी, ज्याचं त्यानं बघायचं." टीव्हीपुढं गप्पा मारणाऱ्या एका माजी तहसीलदारांना त्यांनी मागच्या रांगेत बसवलेलं मी पाहिलंय. तहसीलदार जाताना "सॉरी सर" म्हणाले.

तिथं तीन इमारती होत्या. पहिलीत, जिथं वडील आणि चाचा राहायचे, आपला चहा आपण करायचा, किल्ली आपल्या खिशात. दुसरीत आंघोळीला मदतनीस. तिसरीत पलंगाला कठडे आणि दाराला बाहेरून कडी. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीण बाई यायच्या, चहा करायला लावायच्या, वार विचारायच्या, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत म्हणून घ्यायच्या. कोण कुठं राहणार ते त्यावर ठरायचं. चाचा म्हणायचे, "दुनियेत ही एकच शाळा आहे बेटा, जिथं नापास झालं की वरच्या वर्गात घालतात."

त्या हिवाळ्यात वडिलांनी दोनदा गॅस उघडा ठेवला. वास चाचांना आला. त्यांनी ऑफिसात सांगितलं नाही, मला सांगितलं, आणि मीही गप्प राहिले. मग रोज सकाळी चाचांची शिकवणी सुरू झाली.

"आज वार?"

"मंगळवार."

"मंगळवार काल झाला, साहेब. परत."

वडील कोर्टात नाझर होते, त्यांना कुणी असं उलटतपासलं नव्हतं. "लई छळतो हा माणूस," ते मला सांगायचे, आणि लगेच विचारायचे, "अजून आला कसा नाही?"

तपासणीच्या दिवशी मी भिंतीला टेकून उभी होते. चहा झाला. वडिलांचा हात गॅसच्या बटणाकडं गेला, थांबला, पुन्हा गेला. बटण बंद झालं. शब्द होते कंदील, पेरू, शिडी. पाच मिनिटांनी त्यांना कंदील आठवला. पुढचा शब्द येईना. तेवढ्यात उघड्या खिडकीबाहेर चाचा दिसले, शांतपणे पेरू खात.

"पेरू," वडील म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा चाचा माळ्याची शिडी ओढत आणत होते.

"चाचा, तुम्ही?"

त्यांनी शिडी ठेवली आणि मान खाली घातली. मग मीच गॅसचं सांगून टाकलं. वडिलांना तिसऱ्या इमारतीत न्यायचं ठरलं. चाचांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं.

पुढचा नंबर त्यांचाच होता.

"आज वार कोणता?"

"जुम्मा." गुरुवार होता.

"मघाचे तीन शब्द?"

"कैसे शब्द?"

"चाचा, तुम्ही आत्ताच शिडी आणलीत ना?"

"कौनसी शिडी?"

बाईंनी आधी शिडीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. मग त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. त्याच आठवड्यात तिसऱ्या इमारतीत दोन पलंग शेजारी शेजारी लागले. शिकवणी चालूच राहिली, उन्हाळ्यात वडील गेले त्या सकाळपर्यंत.

त्याला आता दोन महिने झाले. परवा चाचांना भेटायला गेले तर बाई म्हणाल्या, सात नंबर अजून रिकामी आहे, पुन्हा तपासणी दिली तर जाता येईल. चाचा शेजारच्या मोकळ्या पलंगाकडं तोंड करून बसले होते. हातात घड्याळ होतं.

मी विचारलं, "चाचा, आज वार कोणता?"

त्यांनी बराच विचार केला. "जुम्मा."

रविवार होता. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशीचा मास्तर शोधत राहिले. होता की नव्हता, मला खरंच सांगता येणार नाही.

"बरोबर," मी म्हणाले, आणि आणलेला पेरू त्यांच्या हातात दिला.