काळी पाच

छप्पन्न वर्षांचा झाला तरी लोक त्याला धाकटाच म्हणत. हॉटेलचा मॅनेजर, माईकवाला, खुर्च्या लावणारे, झाडून सगळे. कारण सोपं होतं. कार्यक्रम कुठलाही असो, त्याची थोरली बहीण, ताई, उभी राहून गायची आणि तिच्या डाव्या हाताला हा कीबोर्ड मांडून बसायचा. ताई सगळ्यांचीच ताई, तेव्हा हा सगळ्यांचाच धाकटा. त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं शिल्लक होतं.

लग्न दोघांनीही केलं नाही. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "मला वेळ नव्हता." आणि धाकट्याला विचारलं तर म्हणायचा, "मला कुणी विचारलंच नाही." आठवडाभर ताई पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायची, धाकटा एका शाळेत मुलांना सारेगम शिकवून यायचा, आणि शनिवार-रविवारी दुपारी दोघं हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये. लोक जेवत असत, मुलं टेबलांखालून पळत असत, आणि ताई गात असे. मध्येच एखादं लग्न, एखादा निरोप समारंभ. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्यांचा कीबोर्ड अरेंजर होता. म्हणजे डाव्या हातानं नुसता कॉर्ड, तीन-चार सुरांचा जुडगा, धरायचा, की ढोलकापासून बासगिटारपर्यंत सगळा वाद्यवृंद आपोआप मागे उभा राहतो. धाकटा गंमतीनं म्हणायचा, "आठ माणसांचं काम करतो, आणि जेवायला एकही मागत नाही." पण आता त्याचे दिवस भरले होते. दोन पट्ट्या दाबल्या की खालीच राहत. पडदा इतका पुसट झाला होता, की त्यावरचे आकडे फक्त धाकट्याला आणि तेही अंदाजानं कळत. त्यात गेल्या महिन्यात एका लग्नात, दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत, कीबोर्ड फट्कन बंद पडला आणि आपणहून पुन्हा सुरू झाला. लोक हसले. ताईही हसली. धाकट्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"नवा घे रे बाबा आता," ताई म्हणाली. "एवढं काय जीव अडकलाय तुझा त्या डबड्यात?"

"बघू."

"वर्षभर बघतोयस. बघून बघून तोच आंधळा झाला."

हॉटेलच्या मॅनेजरनंही दोनदा सांगून पाहिलं. धाकट्यानं त्याला वेगवेगळी कारणं दिली. नव्या कीबोर्डचा आवाज पत्र्यासारखा असतो, हाताला सवय नाही, आपल्या ताल-ठेक्यांची फाइल त्यात चढत नाही. शेवटचं कारण तर सपशेल खोटं होतं. खरं कारण त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ताईची पट्टी काळी पाच. पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा तिचा षड्ज, बायकांच्या आवाजात चांगली उंच पट्टी. ताईला तिचा कोण अभिमान! नवी गायिका भेटली की पहिला प्रश्न तोच. समोरची "पांढरी चार" म्हणाली, की ताई "अस्सं" म्हणायची, आणि त्या "अस्सं"मध्ये समोरचीची सगळी किंमत येऊन जायची. चाळीस वर्षं ती काळी पाचमध्ये गात होती, निदान तिची तशी समजूत होती.

अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात तिला सर्दी झाली होती. वरचा सूर लागेना म्हणून ती रडवेली झाली. अरेंजरवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते एकदा दाबलं की सगळी वाद्यं अर्धा सूर खाली उतरतात, पण बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात. धाकट्यानं करंगळीनं ते हळूच एकदा दाबलं. बोटं काळी पाचवर, सूर मात्र अर्ध्यानं खाली. ताईचा आवाज असा काही लागला की बस! घरी येताना ती म्हणाली, "बघ, सर्दीतसुद्धा काळी पाच सोडली नाही मी." त्या आनंदावर पाणी ओतायला धाकट्याचं मन धजलं नाही. सर्दी गेली, पण तो अर्धा सूर त्यानं परत वर नेला नाही.

सहा वर्षांनी दुसरा उतरला. वय झालं, चालायचंच. बोटं काळी पाचवर दिसत होती, तोवर ताईला शंका यायचं कारण नव्हतं. ती रियाजही त्याच्याच साथीनं करायची. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला तिला लाज वाटायची.

पण या मार्चमध्ये, एका बँकेतल्या साहेबांच्या निरोप समारंभात, त्याला तिसऱ्यांदा बटण दाबावं लागलं. जूनमध्ये चौथ्यांदा. ऑगस्ट संपता संपता पाचव्यांदा. दर वेळी तो स्वतःला म्हणायचा, वय. आणि दर वेळी तो शब्द आधीपेक्षा पोकळ वाजायचा. ताई हल्ली शिवताना सारखी घसा खाकरायची. जेवताना एखादा घास अडकला की पाणी पिऊन म्हणायची, "घाई, दुसरं काय." धाकटा ताटाकडे बघत बसायचा. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची वाटते हे स्वतःशी बोलायचीही भीती वाटत होती.

म्हणून नवा कीबोर्ड नको होता. नव्या कीबोर्डला हातभर रंगीत पडदा. त्यावर उणे पाच हा आकडा असा ठळक दिसणार, की शेवटच्या टेबलावरच्या आजोबांनाही चष्म्याशिवाय वाचता यावा. आणि जुनाही ठेवायची सोय नव्हती. तो बंद पडून सुरू झाला, की ट्रान्सपोज शून्यावर येतं; म्हणून तर कार्यक्रमाआधी दर वेळी तो बटण मोजून दाबायचा. त्या दिवशी टाळ्यांच्या मधे झालं म्हणून निभावलं. ऐन गाण्यात झालं असतं तर?

एका बुधवारी तो शाळेतून परतला, तर ताईनं जुना कीबोर्ड पेटीत भरून दारात उभा करून ठेवला होता.

"चल. दुकानवाल्याशी बोललेय मी फोनवर. जुना बदलून देतो म्हणाला."

"मला न विचारता?"

"तुला विचारून वर्ष झालं."

दुकान मोठं होतं. दुकानदार साठीचा, गोल चष्म्याचा, तरुणपणी कुठल्याशा ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवत असे. बोलणं थोडं आणि कान तिखट. त्यानं त्यांचा जुना कीबोर्ड काउंटरवर घेतला, त्यावरून मायेनं हात फिरवला, आणि शेजारी नवा सुरू करून दिला. पडदा उजळला.

"वाजवा की साहेब. ताई, तुम्ही माईक घ्या. गाण्याशिवाय काय कळणार?"

"नको, आज घसा…" धाकटा मधेच म्हणाला.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?" ताईनं माईक घेतलासुद्धा.

धाकटा बसला. बोटं काळी पाचवर गेली आणि करंगळी सवयीनं डावीकडे वर सरकली. तिथे बटणच नव्हतं. तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं. ट्रान्सपोज त्या पडद्याच्या आत, कुठल्या तरी चौकटीच्या पोटातल्या चौकटीत होतं. तो घाईघाईनं शोधू लागला, तोवर दुकानदारानं हौसेनं ठेका सुरू करून दिला आणि ताईनं श्वास घेतला.

पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला सूर वर जायचा होता. ताईनं तो रोजच्या भरवशानं घ्यायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा आली. मग काहीतरी खरखरीत ओढल्यासारखं वाजलं, आणि ती खोकत सुटली. खोकला थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. ठेका मात्र एकटाच, मजेत, चालू होता.

धाकट्यानं तो बंद केला.

"हे यंत्र चढं आहे," ताई म्हणाली. श्वास अजून लागत होता.

"नाही हो ताई. एकदम बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. त्यानं खिशातलं सुराचं छोटं यंत्र काढून काटा दाखवला.

"मग ते यंत्रही चढं असेल! चाळीस वर्षं गातेय मी, मला काळी पाच शिकवता? धाकट्या, आपला लाव. लाव म्हणतेय ना."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. धाकट्याला ते पुढे शंभर वेळा वाटलं. पण ताईचा चेहरा असा पांढरा पडला होता, आणि ती त्याच्याकडे अशा विश्वासानं बघत होती, की त्याचा हात आपोआप जुन्या कीबोर्डकडे गेला. तो सुरू झाला. करंगळीनं एक, दोन, तीन, चार, पाच. बोटं काळी पाचवर.

ताई गायली. वरचा सूर घासून का होईना, लागला.

"बघा!" ती दुकानदाराला म्हणाली. "उतरवून ठेवा तुमचं ते टीव्हीचं दुकान. आम्हाला नको. तुझंच बरोबर होतं रे धाकट्या."

इतक्या वर्षांत ताईनं त्याला पहिल्यांदाच बरोबर म्हटलं होतं, आणि तो वर न बघता कीबोर्ड पेटीत भरू लागला.

ताई पुढे जाऊन गाडीत बसली. दुकानदार पेटी उचलायला मागे आला. डिकीत पेटी ठेवताना तो हळूच म्हणाला, "पाच वेळा दाबलंत."

धाकट्यानं पेटी आत ढकलली.

"मीही पुष्कळांना साथ केलीय. आवाज उतरतोच. पण त्याला वर्षं लागतात. यांना किती लागली?"

"पहिले दोन दहाएक वर्षांत." धाकट्यानं पुढे बघितलं. ताई आरशात केस सारखे करत होती. "बाकीचे तीन मार्चपासून."

दुकानदाराचा हात पेटीच्या पट्ट्यावर तसाच राहिला. "अहो, मग बाईंना माझ्या दुकानात काय आणता? डॉक्टरकडे न्या."

एवढं ऐकूनही धाकटा चार दिवस थांबला. शनिवार-रविवार कार्यक्रम आहेत, ते होऊ देत, ही त्यानं स्वतःला दिलेली सबब. रविवारी दुपारी हॉल भरलेला होता. ताई तिसऱ्या गाण्याला उभी राहिली, आणि पाच पुरले नाहीत. धाकट्याच्या लक्षात आलं की आपली करंगळी पुन्हा बटणावर आहे. त्यानं सहाव्यांदा दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका बाईनं येऊन ताईला सांगितलं की आवाजात हल्ली काय भारदस्तपणा आलाय! ताई खूश झाली. धाकट्याला तिथेच ओरडावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी तो म्हणाला, "खोकला दाखवून येऊ."

"एवढ्याशा खोकल्याला?"

"चल ना गं ताई." गंमत नव्हती त्या आवाजात. ताईनं कपड्यातली सुई काढून ठेवली आणि निमूट चप्पल घातली.

घशाच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चटपटीत बोलणाऱ्या. आधी खूप हसल्या-बोलल्या. ताई गाते म्हटल्यावर "अरे वा" म्हणाल्या. मग कॅमेऱ्याची बारीक नळी घालून त्यांनी आत बघितलं, आणि त्यांचं बोलणं बंद झालं. ताईला त्यांनी "आ" म्हणायला लावलं. पुन्हा एकदा लावलं. पुन्हा एकदा. नळी काढून, हात धुऊन त्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"आवाजात बदल कधीपासून आहे?"

"बदल?" ताई डोळे पुसत हसली. "छे हो. खोकला आहे फक्त. काळी पाचमध्ये गाते मी, आजही. विचारा याला. याचा कान म्हणजे कान आहे."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे बघितलं. ताईनंही बघितलं, साक्षीदाराकडे बघावं तसं, निर्धास्त.

"मार्चपासून," धाकटा म्हणाला. आवाज त्याचाच, पण त्याला ओळखू येईना. "आधी अकरा वर्षांत दोन. मग मार्चमध्ये तिसरा. जूनमध्ये चौथा, ऑगस्टमध्ये पाचवा. आणि काल सहावा."

"काय सहावा?" डॉक्टरीणबाईंना कळलं नाही.

ताईला कळलं. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि एकेक बोट हलवत, एकेक पट्टी खाली येत, ती मोजू लागली. ओठ हलत होते. सहाव्याला बोट थांबलं.

"पांढरी तीन," ती म्हणाली. कुजबुजलीच खरं तर.

"अर्धा अर्धा सूर," धाकट्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "तिचा आवाज उतरला, की मी वाद्यं खाली आणत होतो. तिला कळू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. मार्च, जून, ऑगस्ट असं लिहून त्याखाली रेघ मारली. दुसऱ्या एका कागदावर तपासण्यांची नावं लिहिली, आणि "उद्याच, थांबायचं नाही" असं त्याच्याखाली लिहून दोनदा अधोरेखित केलं. मग मान वर केली. रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारत होत्या.

"तुम्हाला मार्चमध्येच कळलं होतं. मग तेव्हाच का नाही आणलंत यांना?"

धाकट्यानं ताईकडे बघितलं. आयुष्यभर त्याच्या वतीनं तीच बोलत आली होती. ताई त्याच्याकडेच बघत होती, आणि तीही उत्तराची वाट पाहत होती.